कठड्यापासून मोजलेले पाणी : एका गावाच्या चार विहिरींचा आलेख

देवगड तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराच्या, उतारावर वसलेल्या एका गावाची ही हकीकत आहे. गावात चार सार्वजनिक विहिरी आहेत, आणि ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याने सलग दोन हंगाम, ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत, दर सोमवारी सकाळी या चारही विहिरींची पाणीपातळी मोजून एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवली होती. दोराच्या टोकाला दगड, दोरावर फुटाफुटावर गाठ आणि शेवटच्या गाठीपुढचे अंतर मोजायला खिशातली टेप, एवढीच त्याची साधने होती. हे काम त्याला कोणी नेमून दिले नव्हते. नळाला पाणी का येत नाही, या रोजच्या प्रश्नाला काहीतरी उत्तर देता यावे म्हणून त्याने ते स्वतःहून सुरू केले होते. गावाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, आणि मापे समजण्यास सोपी जावीत म्हणून थोडी गोल केली आहेत.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या सिंधुदुर्गात विहिरींची पातळी कशाला मोजायची, अशी शंका घाटावरच्या वाचकाला येईल. सड्यावरचा जांभा हा सच्छिद्र दगड असून मुरलेले पाणी तो फार काळ धरून ठेवत नाही. उतार तीव्र आहेत, आणि पावसाचा बहुतेक सगळा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून वहाळांवाटे खाडीला मिळतो. त्यामुळे जुलैत जी विहीर काठोकाठ भरते तिचाच तळ एप्रिलमध्ये दिसू लागतो. म्हणूनच पाणीटंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तयार होतो, आणि कोणत्या वाडीला कोणत्या टप्प्यात काय लागेल हे ग्रामपंचायतीला आधी कळवावे लागते.

या गावात ते ठरत असे ते ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा त्याच्या म्हणण्यावर. गाळ कोणत्या विहिरीचा आधी काढायचा आणि टँकरची मागणी कोणत्या वाडीसाठी केव्हापासून करायची, हे दोन प्रश्न दरवर्षी १ मेच्या ग्रामसभेत निघत आणि दरवर्षी वादात बुडत. त्या वर्षी सरपंचांनी वही बचत गटाच्या हिशेबनीस ताईंच्या हाती दिली आणि ‘याचा चार्ट करा, सगळ्यांना दिसेल असा’ एवढेच सांगितले. ताईंचे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. गटाचा हिशेब त्या गूगल शीट्समध्ये ठेवतात, बेरीज-वजाबाकीची सूत्रे त्यांना येतात, प्रोग्रामिंगशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या लॅपटॉप घेऊन माझ्या पडवीत आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, चार्ट झालो, पण तो बघून माकाच काय कळणा नाय.”

पहिला आलेख

पडद्यावर एक वृत्तालेख होता. चार रंगांच्या चार फाका, खाली सावली, बाजूने जाडी दिसावी असा त्रिमितीचा थाट. ताईंनी प्रत्येक विहिरीच्या एका हंगामातील मापांची सरासरी काढली होती आणि त्या चार सरासऱ्या निवडून आलेखाचे बटण दाबले होते. सड्यावरच्या विहिरीची सरासरी ३० फूट, शाळेजवळची २०, देवळाकडची १८ आणि मळ्यातली १२; म्हणून सड्यावरच्या विहिरीच्या फाकेवर ३७.५ टक्के असे ठळक अक्षरांत आले होते.

मी विचारले, “कशाचे साडेसदतीस टक्के?” ताई थोडा वेळ आकड्याकडे पाहत राहिल्या आणि मग हसल्या. चार विहिरींची खोली एकत्र केली तर कोणतीही एक पूर्ण वस्तू तयार होत नाही, मग तिचे भाग तरी कशाचे दाखवायचे? वृत्तालेखाला आधी एक ‘सगळे’ लागते: गटाचा महिन्याचा एकूण खर्च, पेटीतले एकूण आंबे, गावातली एकूण घरे. येथे तसे काही नव्हते. शिवाय या मापात एक खोच होती, जी त्या दिवशी आमच्या दोघांच्याही लक्षात आली नाही. वहीतले माप ‘कठड्यापासून पाणी किती खाली’ असे होते. म्हणजे जिच्यात पाणी सर्वांत दुर्मीळ, तिचीच फाक चित्रात सर्वांत मोठी झाली होती.

यात ताईंचा दोष मी मानत नाही. आकडे निवडले की आलेख सुचवण्याचे काम आता शीट स्वतःच करते, आणि सुचवलेले सुबक दिसले की नवशिका माणूस ते घेतो. वृत्तालेखाचे आकर्षणही जुने आहे. स्तंभालेख आणि काळाबरोबर बदलणाऱ्या आकड्यांचा रेषालेख स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये छापले, आणि त्यानेच १८०१ मध्ये वृत्तालेखही वापरला. पुढे १९८४ मध्ये क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी माणसाचा डोळा कोणत्या आकृतीतून आकडा किती अचूक वाचतो याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच मोजपट्टीवरचे ठिकाण डोळा सर्वांत नीट वाचतो. कोन आणि क्षेत्रफळ यांत तो जास्त चुकतो, असे त्यांत दिसले. फाकेची तुलना करताना आपण नेमके कोन आणि क्षेत्रफळच वाचत असतो. त्यात त्रिमितीचा कल दिला की पुढची फाक उगाच मोठी भासते.

वृत्तालेख आम्ही पुसला. त्याच्या जागी कोणता आलेख, हे ठरवण्यापूर्वी मी ताईंना एका कागदावर ग्रामसभेत विचारला जाणारा प्रश्न एका वाक्यात लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले: ‘कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या आठवड्यात संपते?’ प्रश्नात आठवडा होता, म्हणजे आडव्या अक्षावर काळ येणार हे ठरले, आणि काळाबरोबर सलग बदलणारे माप असल्याने रेषालेख घ्यायचा हेही ओघाने ठरले. आलेखाची निवड पाच मिनिटांत झाली. त्यानंतरचे नऊ दिवस वहीत गेले.

वही

ताईंनी अडीचशेच्या वर नोंदी हाताने टंकलिहिल्या होत्या, आणि त्या वहीतल्यासारख्याच दिसाव्यात म्हणून फार मेहनत घेतली होती: प्रत्येक महिन्याचे वेगळे पान, वर जोडलेल्या सेलमध्ये महिन्याचे नाव, त्याखाली आठवडे, आणि प्रत्येक सेलमध्ये ‘१८ फू. ६ इं.’ असा मजकूर. डोळ्यांना ते नीटनेटके होते, पण शीटच्या दृष्टीने त्यात एकही आकडा नव्हता. सेलमधला मजकूर डावीकडे चिकटतो आणि संख्या उजवीकडे, हे एकदा दाखवल्यावर ताई स्वतःच पानामागून पान खाली सरकवत ‘ह्या पण डावीकडे, ह्या पण डावीकडे’ असे मोजू लागल्या. काही ठिकाणी त्यांनी नुसता आकडा लिहिला होता, पण मराठी कळफलकावरून, देवनागरी अंकांत. तेही डावीकडेच चिकटले होते. सूत्रांत जाणारे आकडे इंग्रजी अंकांत लिहायचे आणि आलेखावरचे शब्द मराठीत ठेवायचे, असा तोडगा निघाला.

सगळी पाने मोडून एकच लांब तक्ता करायचा ठरला: एका ओळीत एकच माप, आणि रकाने फक्त तारीख, विहीर, माप व शेरा. ताईंना हे पटायला वेळ लागला, कारण ‘सड्यावरची’ हा एकच शब्द सत्तरेक वेळा खाली खाली लिहिणे त्यांना वाया घालवल्यासारखे वाटत होते. पण असा लांब तक्ता एकदा हाती आला की पिव्हट टेबल ही शीटमधली तक्ता फिरवून मांडण्याची सोय वापरून तारखा उभ्या आणि विहिरी आडव्या मांडणे हे चार क्लिकचे काम उरते, आणि उद्या पाचवी विहीर आली तरी मांडणी मोडत नाही.

तारखांनी वेगळाच गोंधळ घातला. शीटची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची राहिली होती, त्यामुळे १२ जानेवारी ही नोंद १ डिसेंबर म्हणून बसली आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी तारखा न होता मजकूर म्हणून उरल्या. सेटिंगमध्ये भारत निवडले आणि तारखा पुन्हा घातल्या. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

फूट आणि इंच यांचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण जेथे जेथे अशी जोडमापे आहेत तेथे ही चूक होते आणि ती आलेखात खऱ्यासारखी दिसते. मजकूर काढून आकडा लिहा म्हटल्यावर ताईंनी १८ फूट ६ इंच याचे १८.६ केले. शाळेजवळच्या विहिरीची लागोपाठ तीन आठवड्यांची मापे १८ फूट ६ इंच, १८ फूट ११ इंच आणि १९ फूट २ इंच अशी होती, ती १८.६, १८.११ आणि १९.२ अशी उतरली. प्रत्यक्षात पाणी दर आठवड्याला सरळ खाली जात होते, पण आलेखात मधल्या आठवड्यात ते जवळजवळ अर्ध्या फुटाने वर आल्याचे दिसले, कारण शीटच्या लेखी १८.११ हे १८.६ पेक्षा लहान आहे. दुसऱ्या एका पानावर १८ फूट १ इंच आणि १८ फूट १० इंच या दोन्हींचे १८.१ झाले होते, म्हणजे नऊ इंच पाणी दशांश चिन्हात बुडाले होते. यावर उपाय सोपा होता. फुटांचा एक रकाना, इंचांचा दुसरा, आणि तिसऱ्या रकान्यात सूत्र: इंचांना बाराने भागून फुटांत मिळवायचे. १८ फूट ६ इंच म्हणजे १८.५, आणि १८ फूट ११ इंच म्हणजे १८.९२.

शेवटचा घोळ शून्यांचा. कर्मचारी आजारी होता ते दोन सोमवार आणि त्याच्या घरच्या लग्नाचा एक, अशा तीन दिवशी वहीत आडवी रेघ होती. ताईंनी रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून तेथे शून्य घातले. कठड्यापासून शून्य फूट खाली म्हणजे विहीर तुडुंब, आणि तीही फेब्रुवारीत! ‘मोजले नाही’ आणि ‘शून्य मोजले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी सेल रिकामा सोडावा आणि रेषेत तेथे खंड दिसू द्यावा, असे ठरले.

रेषा उलटी

नवव्या दिवशी संध्याकाळी चार रेषांचा स्वच्छ आलेख तयार झाला. आडव्या अक्षावर ऑक्टोबर ते मे, उभ्या अक्षावर कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली फुटांत. मी तो पाहून समाधानी होतो. ताईंच्या सासूबाई काही कामासाठी बाहेर आल्या आणि जाता जाता पडद्यासमोर थबकल्या. “ही खयची बाव गो?” त्यांनी विचारले. बाव म्हणजे विहीर. ताईंनी सड्यावरच्या विहिरीची रेषा दाखवली. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या बावीत मे म्हयन्यात तळ दिसता, आणि हिचा पाणी वर चढता?”

तीस वर्षे फळ्यावर आलेख काढून मला हे दिसले नव्हते, कारण गणिताच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. खोली वाढत होती म्हणून रेषा चढत होती. पण विहिरीवर रोज जाणाऱ्या बाईच्या मनात वर म्हणजे पाणी वर, आणि खाली म्हणजे तळ. आलेखाच्या कडेला ‘कठड्यापासून खोली’ असे कितीही ठळक लिहिले असते तरी ग्रामसभेत पन्नास जणांनी रेषेकडेच पाहिले असते आणि उलटा अर्थ घेऊन घरी गेले असते.

उपाय दोन होते. एक्सेलमध्ये उभा अक्ष उलट क्रमाने लावण्याची सोय आहे. भूजलाचे आलेख पुष्कळदा असे उलट्या अक्षावरच काढतात. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण त्यात वाचणाऱ्याच्या डोक्यातली वजाबाकी शीट करून देते: विहिरीची एकूण खोली वजा पाण्यापर्यंतची खोली, म्हणजे बावीत उभे असलेले पाणी. सड्यावरची विहीर ३८ फूट खोल आहे. पाणी ३१ फूट ६ इंच खाली असेल तर बावीत साडेसहा फूट पाणी आहे. अक्षाचे शून्य म्हणजे तळ. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, रेषालेखावर तशी सक्ती नसते, असे मी शिकवत आलो. येथे मात्र शून्याला गावाच्या बोलण्यात अर्थ होता, म्हणून ते दाखवायचेच होते.

या वजाबाकीसाठी चारही विहिरींची एकूण खोली लागली, आणि ती मोजायला गेल्यावर देवळाकडच्या विहिरीने आणखी एक गोष्ट बाहेर काढली. तिच्या रेषेत दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दीड फुटाची सरळ पडझड होती. एका सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत पाणी दीड फूट गेले आणि नंतर रेषा पूर्वीच्याच संथ उताराने चालू लागली. विहिरीला भेग गेली असावी, असे एकाचे म्हणणे पडले; रात्री कोणी पंप लावला असेल, असे दुसऱ्याचे. वहीचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. देवळाच्या गुरवांना विचारल्यावर ते सहज म्हणाले की जत्रेआधी कठड्यावर चिऱ्यांचे दोन थर चढवले होते. पाणी होते तेथेच होते. दोर दीड फूट वरून सुटू लागला होता.

नव्या कठड्यापासून ती विहीर साडेअठ्ठावीस फूट खोल भरली. म्हणून डिसेंबरपूर्वीच्या तिच्या प्रत्येक मापात दीड फूट मिळवून सगळी मापे नव्या कठड्यापासूनची केली, पण मूळ रकान्याला हात लावला नाही. दुरुस्तीचा रकाना वेगळा ठेवला आणि शेऱ्यात ‘चिऱ्याचे दोन थर’ असे लिहिले. मूळ नोंद न पुसण्याचा हा नियम मला प्रोग्रामिंगच्या कोणत्याही धड्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण वहीतले माप एकदा पुसले की पुढच्या वर्षी कोणालाच काही पडताळता येत नाही.

कळशीची रेघ

आता आलेखात चार विहिरींच्या दोन वर्षांच्या मिळून आठ रेषा झाल्या होत्या आणि त्यांचा शेवयांसारखा गुंता झाला होता. शिवाय ग्रामपंचायतीचा प्रिंटर काळा-पांढरा. लाल, हिरवी आणि निळी रेषा कागदावर उतरताना एकाच करड्या रंगाच्या झाल्या. रंगांचा भरवसा तसाही कमी असतो, कारण लाल-हिरव्यात फरक न करता येणारी माणसे, विशेषतः पुरुष, प्रत्येक गावात असतात. म्हणून एका मोठ्या आलेखाऐवजी चार लहान आलेख शेजारी शेजारी ठेवले, प्रत्येक विहिरीचा एक, सर्वांची उभी व आडवी मोजपट्टी अगदी सारखी. प्रत्येकात दोनच रेषा: पहिले वर्ष तुटक, दुसरे सलग. कोपऱ्यातली रंगांची सूची काढून टाकली आणि वर्षाचे नाव रेषेच्या टोकाशीच लिहिले.

दोन वर्षे एकमेकांवर ठेवण्यासाठी कॅलेंडरचे वर्ष कामाचे नव्हते. जानेवारी ते डिसेंबर असा अक्ष घेतला की एकच उन्हाळा दोन तुकड्यांत मोडतो. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारला पहिला आठवडा धरले आणि दोन्ही हंगाम आठवड्यांच्या क्रमांकावर बसवले. अक्षाखाली मात्र महिन्यांची नावे लिहिली, कारण ‘सव्विसावा आठवडा’ म्हणून कोणी बोलत नाही. पावसाचे स्तंभ त्याच चित्रात उजवीकडच्या दुसऱ्या अक्षावर घालण्याची सूचना एका उत्साही तरुणाने केली. दोन अक्षांच्या मोजपट्ट्या हव्या तशा ताणून कोणत्याही दोन गोष्टींचे नाते जुळवता येते, म्हणून ती सूचना मी नाकारली.

या आलेखातली सर्वांत उपयोगी रेघ मात्र माझ्या डोक्यातून आलेली नव्हती. पाणी कर्मचारी चित्र पाहून म्हणाला की विहीर आटली असे लोक म्हणतात तेव्हा ती कोरडी नसते. दीड फूट पाणी उरले की दोराला बांधलेली कळशी नीट बुडत नाही, आडवी पडून अर्धी भरते, आणि बायका तेव्हापासून दुसऱ्या वाडीला जाऊ लागतात. ताईंनी लगेच एक रकाना वाढवला, त्यात वरपासून खालपर्यंत १.५ लिहिले आणि तो आलेखात घेतला. चारही चित्रांतून एक बारीक आडवी रेघ गेली. तिच्या टोकाला त्यांनी लिहिले: ‘कळशी बुडण्याइतके पाणी’.

साधनांविषयी थोडे. हे सर्व काम गूगल शीट्समध्ये झाले, आणि ते एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्कमध्येही झाले असते. शेवटी आम्ही डेटारॅपर हे आलेख काढण्याचे संकेतस्थळ वापरून पाहिले. तेथे तक्ता चिकटवायचा, तपासायचा, आलेख निवडायचा आणि प्रसिद्ध करायचा असे चारच टप्पे आहेत, आणि रेषेच्या टोकाशी नाव लिहिणे शीटपेक्षा सोपे जाते. फ्लरिश आणि टॅब्लो पब्लिक या तशाच साधनांची चित्रे अधिक देखणी होतात, पण त्यांच्या मोफत आवृत्तीत ठेवलेले काम जगाला उघडे असते. विहिरींच्या पातळीला त्याची हरकत नव्हती. टँकर वाटपाची घरवार यादी मात्र मी तेथे कधीही ठेवणार नाही.

शीर्षकाचा वाद थोडा लांबला. सरपंचांना ‘विहिरींच्या पाणीपातळीचा साप्ताहिक तक्ता’ हवे होते. ताईंनी वाक्य लिहिले: ‘सड्यावरच्या बावीत मार्चच्या चौथ्या आठवड्यापासून कळशी बुडत नाही’. वाक्य राहिले.

ग्रामसभा

चार आलेख मोठ्या कागदावर छापून शाळेच्या व्हरांड्यात, डोळ्यांच्या उंचीवर लावले होते. ताईंनी भाषण केले नाही. त्यांनी फूटपट्टी कळशीच्या रेघेवर ठेवली आणि प्रत्येक विहिरीची रेषा ती रेघ कोठे ओलांडते ते दाखवले. सड्यावरची विहीर दोन्ही वर्षी मार्चच्या चौथ्या आठवड्यात. शाळेजवळची मेच्या मध्यावर, म्हणजे मुंबईचे चाकरमानी गावात असतात आणि घरटी माणसे दुप्पट होतात तेव्हा. मळ्यातली आणि देवळाकडची दोन्ही वर्षी एकदाही नाही.

यावर काही क्षण कोणी बोलले नाही, कारण दरवर्षी गाळ निघत होता तो देवळाकडच्या विहिरीचा. जत्रेला तिचे पाणी लागते, हे कारण खरे होते. पण गाळ काढण्यासाठी पैसे एकाच विहिरीपुरते असतील तर ती कोणती, याचे उत्तर भिंतीवर लागले होते. दुसरी गोष्ट ग्रामसेवकांनी सांगितली. सड्यावरच्या वाडीसाठी टँकरची मागणी गाव नेहमी एप्रिल ते जूनच्या टप्प्यात नोंदवत आले होते, आणि पाणी तर मार्चमध्येच संपत होते. मागणी आधीच्या, जानेवारी ते मार्चच्या टप्प्यात जायला हवी होती. तसा ठराव झाला.

वाद झालाच नाही असे नाही. शाळेजवळच्या विहिरीची रेषा मार्चच्या मध्यानंतर एकदम तीव्र उतरते, हे एका तरुणाने पुढे येऊन बोटाने दाखवले आणि जवळच्या बागेतल्या नव्या कलमांना त्याच सुमारास पाणी सुरू होते, असे सर्वांसमोर म्हटले. बागायतदार उठून उभे राहिले. मला मध्ये पडावे लागले: रेषा केव्हा उतरली ते या कागदावर आहे, का उतरली ते नाही. त्याच पंधरवड्यात ऊन वाढते, गुरांना जास्त पाणी लागते, आणि सड्यावरच्या बायका सड्यावरची विहीर संपत आल्यावर शाळेजवळ येऊ लागतात. यातले कोणतेही कारण असू शकते, आणि सगळी मिळूनही. पुढच्या हंगामात मार्चपासून त्या विहिरीचे माप आठवड्यातून दोनदा घ्यायचे आणि बागेचा पंप कोणत्या दिवशी चालला ते शेऱ्यात लिहायचे, यावर बागायतदारांनीही मान डोलावली. दोन वर्षांच्या रेषांवरून पाणी वर्षानुवर्षे घटते आहे असा निष्कर्ष काढू पाहणाऱ्यांनाही मी तेथेच थांबवले, आणि ते काहींना रुचले नाही.

माझी एक चूक सभा संपल्यावर कर्मचाऱ्याने दाखवली. एकूण खोली आम्ही दोर तळाला टेकवून मोजली होती, पण तळ म्हणजे गाळाचा माथा. सड्यावरच्या विहिरीचा गाळ निघाला की तिची खोली वाढेल, वजाबाकीतला आकडा बदलेल, आणि आमचे शून्य पुन्हा सरकेल. एकीकडे कठडा वर जाणार, दुसरीकडे तळ खाली जाणार. मग मोजायचे तरी कोठून? शेवटी चारही विहिरींच्या आतल्या बाजूला, न हलणाऱ्या चिऱ्यावर तेलरंगाने एक पांढरा बाण काढायचा आणि पुढची सगळी मापे त्या बाणापासून घ्यायची असे ठरले.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी नवी वही सुरू झाली. ताईंनी तिची पाने आखून दिली होती: तारीख, विहीर, फूट, इंच, शेरा, आणि वरच्या समासात ‘मोजले नाही तर कोरे सोडावे’. कर्मचारी सड्यावरच्या विहिरीवर दोर सोडून वाकला, पुन्हा उभा राहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “गुरुजी, दोर बाणाच्या टोकाकडे धरूचो की शेपटाकडे?” बाण चांगला वीतभर लांब होता, आणि हे आम्ही ठरवलेच नव्हते. टोकाकडे, असे ठरले, आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून मग पहिले माप घेतले.